हिशेब पहिल्या पानापासून

बँकेच्या नोकरीत ३८ वर्षे काढली की माणसाचा कागदावर फार विश्वास बसतो. सही आहे ना, तिकीट लावले आहे ना, साक्षीदार आहेत ना, मग झाले. त्या सहीमागचा माणूस काय समजून सही करून गेला, हे विचारायची सवय हळूहळू सुटते. माझीही सुटली होती. ती परत लावली एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी.

गोष्ट १९८६ सालची. एका कोरडवाहू तालुक्यात मी वसुलीच्या जीपमधून हिंडत होतो. एका विहिरीवरचे ऑइल इंजिन ताब्यात घ्यायचे होते. म्हातारा काही भांडला नाही, रडला नाही. इंजिन जीपच्या ट्रॉलीवर चढत असताना त्याने मला एवढेच विचारले की, मुळात मी घेतले होते किती? माझ्या हातातल्या कागदावर येणे बाकी होती, थकलेले व्याज होते, दंडव्याज होते. मूळ रक्कम नव्हती. कर्जाचे दोनदा नवे-जुने झालेले, पहिले पान जुन्या लेजरमध्ये, आणि ते लेजर माळ्यावर. मला उत्तर देता आले नाही. इंजिन मात्र मी घेऊन आलो.

पुढे रानड्यांचे चरित्र आणि त्या काळचे कायदे वाचत बसलो, तेव्हा ध्यानात आले की म्हाताऱ्याचा तो प्रश्न कायद्याच्या पुस्तकात १०७ वर्षांपूर्वीच जाऊन बसलेला होता. धनकोने नुसता शेवटचा रोखा दाखवून भागणार नाही, व्यवहाराचा इतिहास अगदी आरंभापासून तपासावा, असे कोर्टाला सांगणारा तो १८७९ चा कायदा. त्याची अंमलबजावणी आपल्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे ज्यांनी पाहिली, ते माधवराव रानडे. समाजसुधारक रानडे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहेत. आजची ओळख करून द्यायची आहे ती खेड्यापाड्यांतून कर्जदाव्यांची दप्तरे उघडून पाहणाऱ्या रानड्यांची.

निफाड ते पुणे

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. वडील गोविंदराव कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत, त्यामुळे बालपण कोल्हापुरात गेले. मुलगा अबोल, काहीसा मंद वाटावा असा. पण मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये गेल्यावर त्याने वाचनाचा जो सपाटा लावला, त्यात डोळे कायमचे अधू करून घेतले. १८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत त्यांचे नाव होते. पुढे एम. ए., मग १८६६ साली एल्एल. बी. काही वर्षे एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापकी झाली, आणि नोव्हेंबर १८७१ मध्ये ते पुण्याला सबजज्ज म्हणून आले. वय वर्षे २९.

त्या वेळच्या दिवाणी कोर्टात कोणाचे काम अधिक चाले? सावकाराचे. खेड्यातून रोखे यायचे, दावा लागायचा. कूळ बहुधा हजरच व्हायचे नाही. समन्स पोचले की नाही देव जाणे, पोचले तरी पेरणी टाकून चाळीस कोस चालत कोण येणार, आणि येऊन वकिलाला काय देणार? मग एकतर्फी हुकूमनामा. पाठोपाठ दरखास्त, जप्ती, लिलाव. रोख्यावर अंगठा आहे ना, एवढे सिद्ध झाले की न्यायाधीशाला फारसे काही करायला उरत नसे. करार तो करार.

यात एक मेख होती, आणि बँकवाल्याला ती चटकन कळते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू चांगला होता, जुने-पुराणे रोखे उकरून गरिबाला छळू नये. घडले उलटे. दर तीन वर्षांनी मुदत संपायच्या आत सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला, आणि त्यात मुद्दलासह तोवरचे सारे व्याज हेच नवे मुद्दल होऊ लागले. समजा, दरमहा शेकडा दोन रुपयांनी १०० रुपये घेतले. तीन वर्षांनी नवा रोखा १७२ चा. सहा वर्षांनी २९६ चा. नऊ वर्षांनी ५०९ चा. आपल्याकडच्या जुन्या दामदुपटीच्या नियमाने मागता आले असते फार तर २०० रुपये. पण नवा रोखा हा नवा व्यवहार मानला, की दामदुपटीची मोजणी पुन्हा एकपासून सुरू. कुळाने एक पैसा नव्याने घेतलेला नाही, आणि कागद मात्र पाचशेचा!

यात भर पडली ती बाजाराची. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडला, शेतकऱ्यांनी लग्ने केली, बैल घेतले, विहिरी खणल्या. युद्ध संपले आणि भाव कोसळला. नेमक्या त्याच सुमारास सारा वाढवणारी नवी जमाबंदी सुरू झाली, १८६७ साली इंदापुरापासून. सारा रोख भरायचा आणि ठरल्या तारखेला भरायचा. पीक आले नाही म्हणून तारीख थांबत नसे. म्हणजे शेतकऱ्याचा सर्वांत कडक धनको खुद्द सरकारच होते, आणि त्याचा हप्ता भरण्यासाठीच तो सावकाराच्या ओसरीवर जाऊन बसत होता.

सुप्याचा बाजार

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावी एका सावकाराने हुकूमनाम्याच्या बळावर एका मानी देशमुखाचा वाडा अवघ्या १५० रुपयांत घेतला आणि तो पाडायला काढला. गाव खवळला. सावकाराला पाणी भरेना कोणी, हजामत करेना कोणी, शेतावर मजूर जाईना. हा बहिष्कार गावोगाव पसरत गेला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यात सुप्याच्या आठवडेबाजारात ठिणगी पडली. सावकारांची दुकाने-घरे फोडली गेली. पण या दंग्यांतली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की जमावाचा राग माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे द्या, वह्या द्या, हीच मागणी. मिळाले की चौकात होळी. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ठिकठिकाणी असेच झाले. शेकडो लोकांची धरपकड झाली. पण इतक्या मोठ्या दंगलीत रक्तपात फारच थोडा.

सरकारने चौकशी आयोग नेमला. इकडे पुण्यात रानडे आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, सार्वजनिक सभेमार्फत शेतकऱ्यांच्या स्थितीची माहिती आधीपासूनच गोळा करत होते. सभेचा रोख साऱ्यावर होता. नुसत्या सावकाराच्या नावाने बोटे मोडून चालणार नाही, सरकारी वसुलीचा ताठरपणाही तपासा, हे तिचे म्हणणे. ते राज्यकर्त्यांना रुचण्यासारखे नव्हते. त्यातच १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ आला. १८७८ साली माधवरावांची बदली नाशिकला झाली. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले, पुण्यात वाड्यांना आगी लागल्या, आणि संशयाचे धुके इतके दाटले की रानड्यांना थेट धुळ्याला पाठवले. तिथे त्यांची टपालही उघडून पाहिली जात असे. सरकारी नोकर, आणि सरकारच्याच पाळतीवर. एखाद्याने राजीनामा फेकला असता, दुसऱ्याने तोंडाला कुलूप घातले असते. माधवरावांनी दोन्ही केले नाही. ते नेमाने कोर्टात जात राहिले आणि नेमाने लिहीत राहिले.

त्यांच्या स्वभावातली ही गोष्ट त्यांच्या मित्रांना कळत नसे आणि विरोधकांना खुपत असे. १८७३ साली पहिली पत्नी वारली, तेव्हा विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्याने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून ११ वर्षांच्या मुलीशी लग्न केले. ती टीका त्यांना जन्मभर पुरली. पण त्याच मुलीला त्यांनी लग्नानंतर लगेच शिकवायला घेतले, आणि तिच्या रमाबाई रानडे झाल्या. वाकायचे, पण वाकल्यावर हातातले काम सोडायचे नाही, अशी त्यांची रीत. कर्जकायद्याच्या बाबतीतही तेच झाले.

कायदा आणि दौरा

ज्या १८७९ साली रानड्यांना धुळ्याला धाडले, त्याच साली सरकारने त्यांच्या जिव्हाळ्याच्या प्रश्नावरचा कायदा केला. मुंबईच्या मुलकी सेवेतल्या होप साहेबांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात त्याचे विधेयक मांडले, आणि १ नोव्हेंबर १८७९ पासून पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत कायदा लागू झाला. दख्खन शेतकरी साह्य कायदा हे त्याचे नाव. कोर्टकचेरीत सगळे त्याला नुसते रिलीफ ॲक्ट म्हणत.

त्यात काय होते? शेतकरी प्रतिवादीला कोर्टासमोर आणून त्याची जबानी घ्यायची, नुसत्या गैरहजेरीवर निकाल उरकायचा नाही. व्यवहाराचा इतिहास पहिल्यापासून तपासायचा, मुद्दलाचा आणि व्याजाचा हिशेब वेगळा मांडायचा, व्याजावर व्याज धरायचे नाही, आणि व्याज मुद्दलापेक्षा जास्त देववायचे नाही. कोर्टाने हप्ते बांधून द्यायचे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकायचे नाही. खास गहाण लिहून दिलेली नसेल तर त्याची जमीन विकायची नाही. दावा लावण्यापूर्वी सलोखा करणाऱ्या पंचाकडे जायचे. रोखा गावच्या नोंदणीदारासमोर लिहायचा आणि मोबदला काय मिळाला ते त्यात पुरते नोंदवायचे. पैसे फेडले की पावती द्यायची, मागितला तर सालाचा हिशेब द्यायचा. आणि रोख्याची मुदतही वाढवली, म्हणजे दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घ्यायला निमित्त नको.

करार पवित्र, असे मानणाऱ्या इंग्रजी कायद्याच्या राज्यात हे फार मोठे धाडस होते. पण कायद्यात एक कच्चा दुवाही होता. लहान दाव्यांत अपील ठेवले नव्हते. खालच्या न्यायाधीशाने जुन्या सवयीने रोखा पाहून निकाल दिला, तर गरिबाने दाद मागायची कुठे? त्यासाठी स्पेशल जज्ज आणि त्याचे साहाय्यक नेमले. त्यांनी तालुक्या-तालुक्यातून फिरावे, निकालांची दप्तरे तपासावीत आणि अन्याय दिसेल तिथे निकाल फिरवावा. १८८१ साली हे काम रानड्यांकडे आले. पुणे आणि सातारा जिल्हे त्यांच्या वाट्याला. ज्यांची पत्रे सरकार दोन वर्षांपूर्वी फोडून पाहत होते, त्यांच्याच हाती आता इतरांचे निकाल तपासायचे काम आले.

या दौऱ्यांत रमाबाई त्यांच्याबरोबर असत. गावोगावचे मुक्काम, आज इथे तर उद्या तिथे. दिवसा दप्तरे, लोकांच्या गाठीभेटी, आणि रात्री वाचन. डोळे अधू, म्हणून पुष्कळदा दुसऱ्याने वाचायचे आणि यांनी ऐकायचे. मी स्वतः शाखा तपासणीची कामे केली आहेत, म्हणून सांगतो, यासारखे कंटाळवाणे काम नाही. शंभर फायली सारख्याच असतात, आणि एकशेएकाव्या फायलीत कोणाचे तरी घर असते. ती एकशेएकावी फाइल शंभराव्या इतक्याच उत्साहाने उघडायची, हा खरा कस. रानडे या कामात वर्षानुवर्षे राहिले. मध्ये पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टात गेले, मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले, हिंदुस्थान सरकारच्या खर्च कपात समितीवर गेले, आणि १८८७ साली डॉ. पोलन यांच्या जागी स्वतः स्पेशल जज्ज होऊन पुन्हा याच कामाला आले. १८९३ साली काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या अकाली निधनानंतर हायकोर्टाची जागा मिळेपर्यंत हेच त्यांचे पद.

कायद्याने न भागणारे

दप्तरे चाळणाऱ्या माणसाला कायद्याचे यश आधी दिसते आणि पळवाटाही आधी दिसतात. एकतर्फी निकाल कमी झाले, तुरुंगाची भीती गेली, हे खरे. पण सावकारही काही झोपला नव्हता. गहाणखतावर कोर्ट हिशेब उकरते ना? मग गहाणखत नकोच, सरळ खरेदीखत लिहून दे. पैसे फेडलेस की जमीन परत देईन, हे तोंडी. कागदावर विक्री, मनात गहाण. पुढे १९०७ साली कायद्यात खास कलम घालून अशा खरेदीखतामागचा खरा हेतू तपासायची मुभा कोर्टाला द्यावी लागली. तोवर किती जमिनी गेल्या असतील, त्याला गणती नाही.

आणि दुसरी गोष्ट याहून अवघड. कायद्याने जुन्या कर्जाचा फास सैल केला, पण पेरणीच्या वेळी नवे पैसे कोण देणार? बियाणे हवे, बैल हवा, सरकारचा हप्ता आहे. कायद्याला भिणारा सावकार हात आखडू लागला. रानड्यांचे मोठेपण मला इथे दिसते. आपण ज्या कायद्याचे रखवालदार आहोत तो अपुरा आहे, हे त्यांनी मान्य केले. पुण्याचे जिल्हा न्यायाधीश वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढायची योजना आखली, तिच्या मागे रानडे उभे होते. आधी सरकारने जुनी कर्जे तडजोडीने मिटवायची, आणि मग कोऱ्या पाटीवर बँकेने रास्त व्याजाने पैसे द्यायचे. हिंदुस्थान सरकार राजी झाले. लंडनहून नकार आला.

१८९१ साली पुण्याच्या औद्योगिक परिषदेत त्यांनी शेतकी पतपुरवठ्यावर निबंध वाचला. युरोपातल्या जमीन तारण बँकांचा त्यांचा अभ्यास पक्का होता. देशात एकीकडे ठेवींचा पैसा पडून राहतो आणि दुसरीकडे शेतकरी भरमसाट व्याज मोजतो, या दोन टोकांना जोडणारा पूल नाही, हे त्यांच्या विचाराचे सार. सावकाराला ते गावाबाहेर काढू पाहत नव्हते. त्याचे ज्ञान आणि भांडवल संघटित करावे, त्याला नियमांत आणावे, आणि स्वस्त पैसा त्याच्या हातून शेतापर्यंत न्यावा, असा त्यांचा विचार होता.

सगळ्यांना हे पटले असे नाही. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली लिहिलेल्या इशारा या पुस्तिकेत, शेतकऱ्यांची स्थिती पूर्वीपेक्षा बरी झाल्याच्या रानड्यांच्या मतावर खरमरीत टीका केली. दौऱ्यावरच्या न्यायाधीशाला जे दिसते ते आणि कुणब्याच्या चुलीपाशी बसल्यावर जे दिसते ते, यांत अंतर असणारच. चरित्र लिहिताना ही बाजूही नोंदवली पाहिजे. फुल्यांना दिसणारी भूक रानड्यांच्या दप्तरात पुरती मावत नव्हती. दप्तरात जेवढा अन्याय सापडला, तेवढा मात्र त्यांनी दुरुस्त करायला घेतला.

१६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत माधवराव गेले. ५९ व्या वाढदिवसाला दोन दिवस होते. तीनच वर्षांनी, १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. दख्खनचा कायदा १९०५ साली सगळ्या मुंबई इलाख्याला लागू झाला. मग १९३९ आणि १९४७ चे कर्जनिवारण कायदे, १९४६ चा सावकारी कायदा, २०१४ चा महाराष्ट्राचा सावकारी नियमन कायदा. वसुलीसाठी कर्जदाराला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, धमकावू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले. कर्जाचा खरा खर्च कर्जदाराला समजेल अशा भाषेतल्या पत्रकात आधी द्यावा, हे २०२४ साली ठरवले. गावच्या नोंदणीदारासमोर रोखा लिहायचा, त्याचाच हा नवा अवतार. आता रोखा मोबाइलवर असतो, आणि अंगठा नुसता पडद्यावर टेकवायचा असतो. वाचून पाहणारे किती, हे ज्याचे त्याने मनाशी विचारावे.

त्या म्हाताऱ्याचे सांगायचे राहिले. इंजिन आणल्यावर मला दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी शिपायाला घेऊन माळ्यावर चढलो आणि जुने लेजर काढले. पहिले पान सापडले. सरकारी अनुदानाची रक्कम खात्याला जमा व्हायला चौदा महिने लागले होते, आणि त्या चौदा महिन्यांचे व्याज म्हाताऱ्याच्या नावावर चढून, नव्या-जुन्यात मुद्दल होऊन बसले होते. चूक कोणाची म्हणायची? माझ्या आधीच्या कोणाची तरी. पण इंजिन मी उचलले होते. पत्रव्यवहार केला, रक्कम कमी झाली, हप्ते बांधून दिले. इंजिन परत पोचवले, तोवर रब्बीचे एक पाणी चुकले होते. म्हाताऱ्याने मला बसायला घोंगडी टाकली, चहा दिला. मूळ आकडा किती होता तो मी त्याला सांगितला. त्याने मान हलवली. त्याला तो आकडा पाठच होता.